मोजाच खराब निघाला

मी एक जुना हातमोजा आहे, पण मित्रांनो, थंडीत घालायचा किंवा गरम भांडे उतरवायचा नव्हे. गाड्या धुण्याच्या एका दुकानात, चाके घासण्याच्या कोपऱ्यात, भिंतीतल्या गंजक्या खिळ्याला मी लटकलेला असतो. ज्यांच्या गाड्या मी आरशासारख्या केल्या, त्यांनीही कधी माझ्याकडे मान वळवून पाहिले नाही. माझी गोष्ट मला कुणी विचारलेली नाही. तरीही सांगतो, कारण माझ्यावर एक आळ आहे आणि तो घेऊन मला कचऱ्याच्या डब्यात जायचे नाही.

आधी माझे काम सांगतो, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. गाडी धुतली की ती स्वच्छ दिसते. दिसते, इतकेच. हातावर एक पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि धुतलेल्या ओल्या बॉनेटवरून बोटे हळूच फिरवून बघा. खरखर लागेल. ब्रेकमधून उडालेली लोखंडाची भुकटी, डांबराचे बारीक थेंब, झाडाचा वाळलेला चीक, धुराबरोबर येऊन बसलेले कण, असे कायकाय रंगात रुतून बसलेले असते. शाम्पूने ते हलत नाही. फडक्याने घासले तर उलट रंगच खराब होतो. ते काढण्यासाठी एका खास मातीची वडी मिळते. ती कणकेसारखी मळायची, चपटी करायची, रंगावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा आणि वडी त्यावरून अलगद फिरवायची. रुतलेले कण तिला चिकटून निघून येतात. पण ही वडी मोठी नाजूक. एकदा जमिनीवर पडली की संपली. तिच्यात वाळू रुतते आणि ती परत गाडीला लावली तर ओरखडे उठतात. म्हणून पडलेली वडी फेकूनच द्यावी लागते.

तिच्या जागी माझ्यासारखे आले. माझी एक बाजू मऊ फडक्याची आणि दुसऱ्या बाजूवर रबरासारखा, बारीक चौकटी उठवलेला थर. मातीचे सगळे काम तो थर करतो. मी पडलो तरी बिघडत नाही. मला धुवायचे आणि पुन्हा कामाला लावायचे. माझा हा गुण खोक्यावर ठळक छापला होता. त्याच गुणाने माझा घात केला, पण ते पुढे सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तो थर पोळपाटावर लाटावा तसा मोठमोठ्या रुळांखाली लाटला गेला, कापला गेला आणि फडक्यावर चिकटवला गेला. एका बाईने माझ्या मनगटाला इलॅस्टिक शिवले. शिवताना ती शेजारणीला सासूच्या गुडघेदुखीबद्दल सांगत होती. माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही, पण टाके मात्र सरळ घातले. मला घडवणाऱ्यांपैकी तेवढी एकच मला आठवते. मग मी खोक्यात गेलो. खोक्यावर एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस चकाचक गाडीशेजारी उभा राहून हसत होता. त्या गृहस्थाने जन्मात कधी चाक घासले नसावे.

या दुकानात मला धाकट्याने आणले. दुकान दोन भावांचे. थोरल्याला गिऱ्हाइकांपासून शेजारच्या पंक्चरवाल्यापर्यंत सगळे दादाच म्हणत. धाकटा गिऱ्हाइके आणि सामानसुमान बघे. दादाची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, गाड्यांच्या आतली साफसफाई करी. सीट, पायपुसणी, काचा, सगळे तिच्याकडे. आणि बाहेरचा रंग दादाकडे. कारण दादाचा हात.

मित्रांनो, त्या हाताची ख्याती होती. गाडी धुऊन झाली की दादा डोळे मिटून बॉनेटवर तळवा फिरवी आणि सांगे, "इथे अजून डांबर आहे. इथे चीक." आणि ते तिथे असे. प्लास्टिकची पिशवी त्याला लागतच नसे. गिऱ्हाइके गाडी न्यायला आली की काम झाले का विचारत नसत. "दादा, हात फिरवलात ना?" एवढेच विचारत. तो हो म्हणाला की गाडीभोवती एक फेरीही न मारता किल्ली घेऊन जात.

अशा माणसासमोर मला ठेवले तेव्हा त्याने नाक मुरडले.

"मोजा घालून गाडी कशी कळायची रे? हाताला समजलं पाहिजे."

"अरे दादा, वडी पडली की फेकावी लागते. हा पडला तर धुवायचा, अंगठा फिरवून बघायचा, खडा नाही ना, की झालं. शिवाय अर्ध्या वेळात काम होतं."

"अर्ध्या वेळात झालेलं काम अर्धंच असतं," दादा म्हणाला आणि मातीची वडी मळायला लागला.

मी बरेच दिवस फळीवर पडून होतो. मग एके दिवशी काय झाले कोण जाणे, दादाने मला आपणहून खाली घेतले. नव्या मोज्याला आधी काचेवर फिरवून मऊ करावे लागते, म्हणजे वरचा चिकटपणा जातो. ते त्याने नीट केले. फवारा मारला आणि मला दारावर ठेवले. पहिल्यांदा मी अडखळत गेलो. मग हळूहळू खरखर कमी झाली, आणि शेवटी पाण्यावरून सरकावे तसा मी सरकू लागलो. दादाने मला बादलीत धुतले, पिळले नाही, नुसते हलवले. पिळले तर माझा थर चिरतो. हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

त्या दिवसापासून मी त्याचा झालो. धाकट्याने मला मागितले तर दादा देत नसे. "माझा मोजा आहे तो, तुझा दुसरा आण," असे म्हणे. संध्याकाळी मला स्वच्छ धुऊन सावलीत वाळवी, माझ्या थराला थर चिकटू नये म्हणून मध्ये कागद ठेवी. गिऱ्हाइके माझे तोंड भरून कौतुक करीत. धाकटा म्हणे, "बघ, आधी नको म्हणत होतास!" दादा नुसता हसे. माझा ऊर भरून येई. ज्याने मला नाकारले त्यानेच मला असे जीव लावावा, याहून जास्त एखाद्या मोज्याला काय हवे?

मी मूर्ख होतो.

खरी गोष्ट मला आतून कळू लागली. मोज्याला हात आतून कळतो, मित्रांनो. चांगला हात मोज्यात शिरला की बोटे आपापली जागा शोधतात, थराचा अंदाज घेतात, दाब कमीजास्त करतात. दादाची बोटे हे काहीच करीत नव्हती. ती माझ्यात नुसती पडून असत. माझे काम हलक्या हाताचे आहे. माझ्या वजनापेक्षा जास्त भार लागत नाही. पण दादा मला दाबून फिरवी, कारण आपण किती दाबतो आहोत हे त्याला समजत नव्हते. रंगावर माझे काळपट डाग उमटत. मग ते पुसायला तो पॉलिशचे मशीन घेई.

ते मशीन हेच सगळ्याचे मूळ होते. वर्षानुवर्षे दिवसभर ते घरघरणारे धूड त्याने उजव्या हातात धरले होते. संध्याकाळी बोटे पांढरी पडत, मुंग्या येत. आधी तो हात झटकी आणि हसे. मग हसणे थांबले आणि नुसते झटकणे राहिले. मग झटकणेही थांबले, कारण मुंग्याच येईनाशा झाल्या. बोटांच्या टोकांना काही लागेनासे झाले. ज्या हातावर दुकान चालत होते, तो हात मुका झाला, आणि दादाने ते कुणालाही सांगितले नाही.

म्हणून त्याने मला फळीवरून खाली घेतले होते. माझ्यावर जीव होता म्हणून नव्हे. उघड्या हाताने वडी फिरवणाऱ्याला खरखर कळली नाही तर लोक विचारतील. मोजा घातलेल्याला कोण विचारणार? "मोज्यातून नीट कळत नाही," हे उत्तर तयारच असते. मी त्याचे औजार नव्हतो, मी त्याचे पांघरूण होतो. हे कळल्यावरही मी निमूटपणे काम केले. मोज्याला दुसरे काय करता येते?

मग ती काळी गाडी आली.

ती दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. काळा रंग म्हणजे चुगलखोर रंग. बोटाचा ठसासुद्धा लपत नाही. बाई येतानाच म्हणाल्या, "दादा, काळी गाडी घेऊन मी पस्तावले आहे. तुमच्याच भरवशावर सोडून जाते."

दादाने अर्धे बॉनेट केले आणि मी त्याच्या हातातून सुटलो. साबणाने हात निसरडा होता, आणि मी सुटतो आहे हे बोटांना कळले नाही. मी थेट खाली पडलो, जिथून चाकांचे गढूळ पाणी वाहत जाते तिथे, तोंडावर. माझ्या चौकटींत वाळूचे कण घुसले. वडी असती तर त्याने तिथल्या तिथे फेकून दिली असती, दुसरी घेतली असती आणि काही बिघडले नसते. पण मी पडलो तरी चालणारा! दादाने मला नळाखाली धरले. वरवरची घाण गेली. मग त्याने धाकट्याने सांगितले होते तसा माझ्यावरून अंगठा फिरवला, अगदी नियमाप्रमाणे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कण तिथेच होते. अंगठा त्यांच्यावरून गेला आणि त्याला काही लागले नाही.

तेव्हा मला वाचा असती तर मी बोंब ठोकली असती.

वहिनी गाडीच्या आत व्हॅक्यूम चालवत होती. त्या आवाजात करकर कुणाला ऐकू आली नाही. मी बॉनेटभर फिरलो. प्रत्येक फेरीत त्या सुंदर काळ्या रंगावर रेघा ओढत गेलो, आणि वर फेसाचे पाणी असल्यामुळे काही दिसत नव्हते. दादा मध्ये गुणगुणतही होता.

गाडी पुसून उन्हात काढली आणि धाकटा जागच्या जागी थांबला. बॉनेटवर जणू कुणी तारेच्या घासणीने भांडे घासले होते.

"दादा, हे काय?"

दादाने पाहिले. त्याचा चेहरा उतरला.

"मोजा पडला होता का?"

"पडला होता. धुतला की."

"अंगठा फिरवला होतास?"

"फिरवला ना! मला काय कालचा समजतोस? मोजाच खराब निघाला."

वहिनी गाडीतून बाहेर आली होती. तिने मला बादलीतून उचलले आणि स्वतःचा अंगठा माझ्यावरून फिरवला. पहिल्याच इंचाला तो थबकला. तिने नखाने एक कण काढला, तळहातावर घेतला, आणि नवऱ्याकडे पाहिले. दादा दुसरीकडे बघत उजवा हात पँटला पुसत होता, कोरडा झाल्यावरही पुसतच होता. मित्रांनो, त्या क्षणी तिला सगळे कळले. हल्ली सकाळी शर्टाची बटणे लावायला त्याला उशीर का होतो, आणि चहाचा कप तो दोन्ही हातांनी का धरतो, याचा तिला उलगडा झाला. मला वाटले, आता ती बोलेल.

"हो भाऊजी," ती म्हणाली, "मोजाच खराब आहे. वाळू धरून ठेवतोय. रंगाला नका लावू आता हा."

आणि हातातला कण तिने हळूच खाली टाकला.

माझ्यावर खापर फुटले. धाकट्याने ज्या दुकानातून मला आणले त्या दुकानदाराच्या नावाने खडे फोडले. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी कपाळाला हात लावला, पण दादाला त्यांनी माफी मागू दिली नाही. "तुमचा हात आम्हाला माहीत आहे हो," त्या म्हणाल्या, "हल्ली वस्तूच अशा येतात." दादाने मान खाली घातली. आणि बॉनेटवरच्या रेघा काढण्यासाठी त्याने काय केले असेल? तेच मशीन हातात घेतले. दिवसभर ते धूड त्याच मुक्या हातात घरघरत राहिले. रेघा गेल्या. बाई खूश होऊन गेल्या.

मला चाकांकडे पाठवण्यात आले. रंगाला फिरणारा मोजा चाकाला लागला की त्याला परत वर जागा नसते. कागद नाही, सावली नाही. ब्रेकची काळी भुकटी घासायची आणि खिळ्यावर ओलेच लटकायचे. माझे इलॅस्टिक सैल पडले, कडा उसवल्या. ज्याने मला कधी पिळले नव्हते, तोच आता मला चिंधीसारखा पिळी. सांगतो ते खरे आहे, मी त्याचा खूप राग केला. अजूनही करतो.

माझ्या जागी नवा मोजा आला. काही दिवसांनी तोही माझ्या शेजारच्या खिळ्याला आला. त्याच्या मागून आणखी एक. पडायचे, वरवर धुतले जायचे, मुका अंगठा फिरायचा, ओरखडा उठायचा, आणि तेच वाक्य यायचे. धाकटा वैतागून म्हणे, "हल्ली चांगला माल मिळतच नाही." एवढे मोजे एकाच माणसाच्या हातात खराब कसे निघतात, हे त्याने एकदाही स्वतःला विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, आणि त्याला ते नको असावे. त्याच हातावर गिऱ्हाइके येत होती.

वहिनीने मात्र नवी सवय लावून घेतली. दादाचे काम झाले की ती पदर खोचून, हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून गाडीभोवती फिरे. राहिलेली खरखर शोधी आणि नवऱ्याची पाठ वळली की स्वतः काढून टाकी. मोजा पडून धुतला गेला की त्यावरून आधी तिचा अंगठा फिरू लागला. तेव्हापासून ओरखडे थांबले. धाकटा चेष्टेने म्हणे, "वहिनी, दादाच्या कामावर तुमची तपासणी?" ती म्हणे, "बायकांना संशय जास्त." दोघे हसत. दादाही हसे, आणि मशीन उचली. तिने त्याची लाज झाकली. मशीन मात्र तिने त्याच्या हातातून काढून घेतले नाही, कारण मग कारण सांगावे लागले असते.

असेच किती काळ चालले असते कोण जाणे. पण धाकट्याने नवे मशीन आणले, आधीच्याहून जड आणि जोरकस.

दादा तेव्हा एका गाडीच्या दाराखालची पट्टी साफ करीत होता. ती जागा चाकाजवळची, म्हणून मीच त्याच्या हातात होतो. धाकटा खोके उघडत मागे उभा होता. दादा मान मागे वळवून त्याच्याशी बोलत होता आणि हात पुढे चालू होता.

"हे घेऊन तू रोज जास्त गाड्या काढशील दादा. तुझ्याशिवाय कुणाला देणार नाही मी हे."

"दे की. बघू तरी, तुझं मशीन जास्त दमतं की मी."

वहिनी बादली घेऊन येत होती. ती थांबली. तिने बादली खाली ठेवली, वाकली, आणि सैल पडलेल्या मला दादाच्या हातातून अलगद काढून घेतले.

दादा बोलतच राहिला. आणि त्याचा हात चालतच राहिला. उघडी बोटे ओल्या पत्र्यावर पुढे-मागे, पुढे-मागे, मी असताना फिरत होती तशीच.

धाकट्याचे बोलणे थांबले. त्याने हाताकडे पाहिले, मग वहिनीच्या हातातून ठिबकणाऱ्या माझ्याकडे.

"दादा," तो म्हणाला, "तुझ्या हातात काय आहे?"

"काय असणार? मोजा."

मग दादाने मान पुढे वळवून हाताकडे पाहिले.

दवाखान्यात मी नव्हतो, पण परत आल्यावरचे बोलणे मी खिळ्यावरून ऐकले. सुरुवातीलाच मशीन सोडले असते तर बोटे बरीच सुधारली असती, असे डॉक्टर म्हणाले होते. आता आहे ते टिकले तरी पुष्कळ.

"वहिनी, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"त्या काळ्या गाडीपासून."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही यांना घरी बसवलं असतंत, भाऊजी."

धाकटा उठला. नवे मशीन खोक्यात भरून तो परत करून आला.

आता दादा दुकानाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतो. गिऱ्हाइकांना कुणी काही सांगितलेले नाही. गाडी न्यायला आले की ते अजूनही म्हणतात, "दादा, जरा हात फिरवा ना, म्हणजे आमचं समाधान." दादा उठतो, बॉनेटवर तळवा ठेवतो आणि फिरवतो. पूर्वी तो डोळे मिटत असे. आता उघडे ठेवतो आणि पलीकडे उभ्या असलेल्या बायकोकडे बघतो. तिने मान हलवली की म्हणतो, "छान झालंय."

गिऱ्हाईक खुशीत निघून जाते. दादा खुर्चीवर बसतो आणि बोटे दुसऱ्या हाताने चोळत राहतो.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू तुम्हाला विनवते, की आम्हाला जपा. मला जपून आता काही उपयोग नाही. माझा थर फाटला आहे, उद्यापरवा मी डब्यात जाईन. पण तुमच्या घरी काही बिघडले, फुटले, हातातून सुटले, आणि सगळे मिळून एखाद्या वस्तूला दोष देऊन मोकळे झाले, तर तिथून उठू नका. ती वस्तू धरणाऱ्या हाताकडे एकदा बघा. त्याला विचारा, दुखते का, लागते का, कळते का. तो रागावेल, तरी विचारा.

त्या दिवशी काळ्या गाडीपाशी तिघे उभे होते. मोजा चांगला आहे, एवढेच त्यांच्यापैकी कुणीतरी म्हणायला हवे होते. दादाचा हात वाचला असता.